उकिरड्यावरून उचललेली लेकरं

मी जात्याच संशयी. आमच्या घरात म्हणायचे, हिच्यापुढे दुधाचा पेला ठेवला तर ही आधी त्यात माशी शोधते, आणि माशी सापडली नाही तर विचारते, "कुणी काढली?" मोठी झाले की खोड जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. गेली नाही. फक्त लोक तोंडावर बोलायचे बंद झाले.

पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा संशय मी घेतला तो माझ्या आजीवर. आमच्या उभ्या खुटबाव गावात जिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, तिच्यावर. तेव्हा मी दहा वर्षांची होते. पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या सालची गोष्ट.

आमचं घर गावाच्या कडेला, कालव्याकडे जाणाऱ्या वाटेवर. आजोबा कालव्यावर पाटकरी होते. शेतकऱ्यांना पाळीपाळीनं पाणी सोडायचं त्यांचं काम. ते मूळचे या गावचे नव्हेत. माझे वडील रांगत होते तेव्हा नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. मी चार वर्षांची असताना आजोबा वारले, त्यामुळे मला आठवते ती त्यांची काठी आणि आजीचं मोकळं कपाळ. आजीला पाच मुलं, चार मुली आणि माझे वडील. पाचही जिवंत. आज हे ऐकून कुणी मान वर करणार नाही. पण तेव्हा पटकी यायची, देवी यायच्या, आणि ज्या घरातलं एखादं तरी लेकरू गेलं नाही असं घर शोधून सापडत नसे. पाचातली पाच जगवलेली बाई म्हणजे गावाला दाखवायची गोष्ट होती. आजीचं गावातलं सगळ्यात मोठं काम या पाचांवरच उभं होतं.

आमच्याकडे रीत होती. एखाद्या बाईची मुलं लागोपाठ जायला लागली, की पुढचं लेकरू तिनं आपलं म्हणायचं नाही. पाचवी पुजून झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुपात घालायचं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. "मला नको" म्हणायचं, पाठ फिरवायची आणि मागं न बघता घरी यायचं. मग दुसऱ्या एखाद्या बाईनं वाटेनं जाता जाता ते बघितल्यासारखं करायचं, "कुणाचं गं बाई टाकलेलं" म्हणायचं आणि उचलून आपल्या घरी न्यायचं. दुपारी खरी आई परकी होऊन तिच्या दारात यायची आणि सूपभर कोंडा देऊन लेकरू विकत घ्यायची. टाकलेल्या, कोंड्याच्या मोलाच्या जिवावर कुणाची नजर पडणार? नावंही मग तशीच ठेवायची, दगडाधोंड्याची, केराकचऱ्याची.

अट एकच. उचलणारीच्या पोटचं एकही गेलेलं नसावं. नाहीतर त्या रिकाम्या कुशीची सावली लेकराला लागते म्हणत. गावात अशी बाई एकच होती. त्यामुळे तेरा-चौदा पोरं माझ्या आजीला 'आई' म्हणायची. त्यांतल्या काहींची तर लग्नं झाली होती. वाडीवरचा एक धनगर, मेंढरं सोडून शेतीला लागलेला चांगला बापई माणूस, दर साली आजीच्या पायाशी नवं घोंगडं आणून ठेवायचा आणि तिच्याकडून थोबाडीत खाल्ल्याशिवाय जायचा नाही. "एवडं कशाला आनलंस रं?" म्हणून ती हाणायची, आणि संध्याकाळपर्यंत ते घोंगडं कुणाच्या तरी आजारी माणसाच्या अंगावर गेलेलं असायचं.

घोंगडंच काय, आमच्या घरात काहीच टिकत नसे. कुणाकडे पाहुणे आले की आमची पातेली जायची. विहिरीवर दोघींची जुंपली की आजी मधे जाऊन बसायची आणि दोघींनाही आमच्याच ओसरीवर चहा पाजायची. माझी आई कपाळाला हात लावायची. मला मात्र वेगळंच वाटायचं. एवढं चांगलं कुणी उगाच वागत नाही, हे मला त्या वयातही पक्कं ठाऊक होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

म्हणून मी नजर ठेवायला लागले.

पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती तिचं पळणं. रीत होती जाता जाता दिसल्यासारखं करायची. आजी जाता जाता कधी गेलीच नाही. ती आमच्या गोठ्याआड उभी राहायची, आणि आईनं सूप टेकवून पाठ फिरवली न फिरवली तोच धावत सुटायची, अनवाणी, पदर खोचलेला. "कुणाचं गं बाई" हे शब्द तिच्या तोंडून धापा टाकत बाहेर पडायचे. म्हातारीला एवढी कसली घाई?

दुसरी गोष्ट. आमच्या शेजारी एक मुसलमान कुटुंब होतं, पिढ्यान्‌पिढ्या गावातलं. नवरा केडगाव ठेसनाकडे रुळांवर गँगमन होता, बायकोला आम्ही चाची म्हणायचो. तिचं पहिलं मूल गेलं, मग दुसरंही गेलं. दुसरं गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आजी आपलं जुनं लुगडं काखेत मारून तिच्या घरात शिरली आणि आतून कडी घातली. दिवसाढवळ्या. आमच्या गावात दिवसा कुणी दार लावत नसे. मी भिंतीला कान लावला, तर लुगडं टराटरा फाडल्याचा आवाज आला आणि चाचीचं कण्हणं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आत काय केलंस?" आजीनं ताकास तूर लागू दिली नाही. म्हणाली, "फडकं दिलं पुसायला."

तिसरी गोष्ट. तिनं उचललेल्यांतलं एक लेकरू दोन वर्षांचं होऊन तापानं गेलं. त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडला. आजीनं तिसऱ्या दिवशीही मोडला नाही. मी मोजत होते. जिचं गेलं तिच्यापेक्षा हिला जास्त का लागलं?

तीन गोष्टी वेगवेगळ्या, पण मला वाटत होतं की यांना एकच बूड आहे. ते बूड मला सापडलं कवठे येमाईत.

कवठं म्हणजे आजीचं माहेर. वर्षातून एकदा ती जायची आणि मला न्यायची. केडगावातून निघायचं, भीमा ओलांडून शिरूर, शिरुरातून दुसरी एस.टी. अंगभर धूळ घेऊन पोचायचं. तिथं आजीचे भाऊ, त्यांच्या बायका, खापराएवढ्या पुरणपोळ्या. जेवणं झाली की बायका आडव्या व्हायच्या, आणि दर वर्षी त्याच वेळेला आजी घरातून नाहीशी व्हायची. त्या वर्षी मी झोपेचं सोंग घेतलं आणि मागोमाग गेले.

ती मळ्याच्या कडेनं ओढ्याकडे गेली. तिथं करंजाचं झाड होतं. त्याच्या बुडाशी ती बसली आणि गवत उपटायला लागली. गवताखालून एक दगड निघाला, पाटीएवढा. तिनं तो पदरानं पुसला, कनवटीचा गुळाचा खडा काढून त्यावर ठेवला. रडली नाही. नुसती त्या दगडावर रागावल्यासारखी पुटपुटत होती, "किती रं गवत. किती हे गवत."

घरी येऊन मी तिच्या भावजयीला गाठलं. म्हातारी साधी होती. मी आडून विचारलं, "करंजाखाली कुणाचा देव आहे?"

"देव कशाचा? तुज्या आजीचं पयलं हाय त्ये," ती म्हणाली. "बाळंतपनाला हितंच आल्ती न्हवं का. ल्योक झाल्ता. अकरा दिसांचा हून गेला. पंधरा वर्साची बी नव्हती तवा ती."

मी बोटांवर मोजलं. म्हणजे पाच नव्हे, सहा. आजोबांच्या जुन्या गावाला माहीत असणार, पण खुटबावात ती आली तेव्हा जिवंत होती तेवढीच मुलं बरोबर घेऊन आली. जी नाहीत त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. माझी आजी खोटारडी होती. तेरा-चौदा आयांना तिनं फसवलं होतं, आणि ते तापानं गेलेलं लेकरू? त्याला तिचीच सावली लागली होती, यात मला तिळभर शंका उरली नाही. म्हणून तर तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. खाई त्याला खवखवे.

परतीच्या वाटेवर मी तिच्या शेजारी बसले नाही. ती म्हणाली, "पोटात दुखतंय का तुज्या?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि घरी येऊन बघते तर चाचीचे दिवस भरत आलेले. तिसरं. तिनं आजीला शब्द घालून ठेवला होता. चाचीची सासू कुरकुरत होती, हे आपल्यातलं नाही म्हणून, पण चाची ऐकणारी नव्हती. मुलगी झाली. गावातल्या बायका म्हणाल्या, पोरीसाठी कशाला एवढा खटाटोप. चाचीनं त्यांनाही उडवून लावलं. "पोरगी असली म्हून टाकून देऊ व्हय?" म्हणाली. त्यांच्याकडची छट्टी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरू उकिरड्यावर यायचं ठरलं.

मी ते बाळ बघितलं होतं. तळहाताएवढं तोंड आणि वर काळंभोर जावळ. माझं बोट त्यानं घट्ट धरलं होतं. हे बाळ आजीनं उचललं की मरणार. मला हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं आणि गावात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. चाचीला सांगावं तर आजीची अब्रू जाईल. न सांगावं तर बाळ जाईल. दोन दिवस मी विचार केला आणि मग मला एकदम वाट सापडली. मीच उचलायचं. माझं कुठं कोण गेलं होतं? माझं कुणी झालंच नव्हतं.

दिवस कासराभर वर आला होता. मी आजीच्या आधी जाऊन उकिरड्याच्या पलीकडे बसले. चाची आली, ओली बाळंतीण, भिंतीला धरत धरत. तिनं सूप टेकवलं. "मला नको," म्हणाली आणि पाठ फिरवली. मी उठले. पण तेवढ्यात गोठ्याआडून आजी सुटली होती. पळत आली, नेहमीसारखी. मी सुपाच्या आडवी उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"तू नको उचलू," मी म्हणाले. "तुझं गेलंय. करंजाखाली."

आजी थबकली. उकिरड्यावर जाताना तिला थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चाची दहा पावलांवर होती, पाठमोरी. तीही थांबल्यासारखी वाटली, की दम खायला उभी राहिली, मला कळलं नाही. कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. सुपातलं बाळ रडायला लागलं. कुणीच हलेना. मी उचलायचं ठरवून आले होते, पण माझे हात तसेच पसरलेले राहिले.

"व्हय," आजी म्हणाली. "गेलंय. आता सरक."

तिनं मला कोपरानं बाजूला केलं आणि बाळ छातीशी धरलं. "कुणाचं गं बाई टाकलेलं" हे म्हणायचं ती विसरली. चाची मागं न बघता घराकडे चालू लागली.

दुपारी चाची सूपभर कोंडा घेऊन आमच्या दारात आली. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. "आई, तुमच्याकडं लेकरू हाय म्हनं. देता का?" तिनं रीतीप्रमाणे विचारलं. आजीनं रीतीप्रमाणे कोंडा घेतला आणि बाळ दिलं. चाचीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. ऐकलं असतं तर असं राहता आलं असतं का? आणि ऐकलं नसेल तर ती वाटेत थांबली का?

संध्याकाळी आजी तोच कोंडा भिजवून म्हशीपुढे ठेवत होती. मी खांबाला टेकून उभी होते. ती माझ्याकडे न बघताच बोलायला लागली.

"पयली आली ना, तवा म्या सांगनार हुते. पर तिनं माझं पाय धरलं. तिची तीन गेल्ती. म्हनली, आई, तूच एक हायेस. माझ्या तोंडातनं 'न्हाई' फुटंना. आन् ते लेकरू जगलं. मंग दुसरी आली."

"पण खोटंच ना?"

"खोटंच की."

"एक मेलं."

तिचा हात बादलीत थांबला. "व्हय," ती म्हणाली. "ते माझ्या उरावर हाय. जाईल तवा संगट न्हेईन." मग तिनं पहिल्यांदाच मला विचारलं, विनवल्यासारखं, "तू सांगनार हायेस का गं?"

मी काय उत्तर दिलं ते आठवलं की आजही मला माझीच शिसारी येते. मी म्हणाले, "चाचीची पोरगी जगली तर नाही सांगणार."

आजीनं मान हलवली. सौदा मान्य असल्यासारखी.

त्यानंतरची सात वर्षं ती त्या पोरीच्या मागे मागे होती. पोरगी खोकली की आजी भिंतीपलीकडून हाक मारायची. गोवर निघाला तेव्हा आजी चार दिवस त्यांच्या ओट्यावर बसून होती, आणि मी आमच्या ओसरीवरून तिच्यावर लक्ष ठेवून होते. ती वर बघायची आणि आमची नजरानजर व्हायची. तिला भीती पोरीची वाटत होती की माझी, हे मला कळत नसे. एकदा तरी मी तिच्याजवळ जाऊन म्हणायला हवं होतं की आजी, मी कुणाला सांगणार नाही, काहीही झालं तरी. सौदा मोडला असं म्हणायला मला दोन पावलं चालायची होती. नाही चालले. माझं तिच्यावर जिवापाड प्रेम होतं आणि तरी नाही चालले.

मी सतरा वर्षांची असताना आजी गेली. भरल्या गावात गेली. तिला उचलायला तिनं उचललेली सगळी आली. त्या धनगरानं कुणाला पुढचा खांदा सोडला नाही. घरात चूल बंद होती, म्हणून तिसऱ्या दिवशी चाची दुधाचा तांब्या घेऊन आली आणि ओसरीवर माझ्याजवळ बसली. तिची पोरगी अंगणात आमच्या वासराला चिंचेचा पाला भरवत होती, सात वर्षांची, ठणठणीत, पुढचे दोन दात पडलेली.

माझ्याच्यानं राहवलं नाही. विचारलं, "चाची, त्या दिवशी उकिरड्यावर मी आजीला काय बोलले, तू ऐकलंस?"

"ऐकलं की. भयरी हाय व्हय मी?"

"मग परत का नाही फिरलीस? पोरगी का नाही घेतलीस तिच्याकडून?"

"कशाला? मला आधीपासनं ठावं हुतं."

"कुणी सांगितलं?" मी फौजदारासारखी सरसावून बसले. कोण होतं सांगणारं? कवठ्याचं कुणी? की आजोबांच्या जुन्या गावचं?

"कुनी न्हाई." चाचीनं तांब्या खाली ठेवला. "माझं दुसरं गेलं तवा छाती दगडावानी झाल्ती दुधानं. सासू म्हनायची पिळून टाक, जाऊ म्हनायची शेक घे. तुझी आजी आली, कडी लावली, लुगडं फाडलं आन् बांदलं. काय सांगावं लागलं न्हाई तिला. कुठनं धरायचं, किती घट आवळायचं, कवा सोडायचं, समदं तिच्या हाताला ठावं हुतं. पाचीच्या पाची जगलेल्या बाईला ते कुठनं कळायचं गं?"

पोरीनं अंगणातून आईला हाक मारली. चाचीनं हातानंच 'येते' म्हणून सांगितलं.

"ठाऊक होतं," मी म्हणाले, "तरी तिच्याकडेच दिलीस?"

चाचीनं माझ्याकडे बघितलं. सात वर्षांचं पोर काही अडाण्यासारखं बोललं की बघतात तसं.

"मंग कुनाकडं देऊ?" ती म्हणाली. "जिचं कवा गेलंच न्हाई तिच्याकडं?"